पुतळा घडवणारा हात कोणी निवडायचा?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. उपनगरातल्या कुठल्याही चौकातल्या पुतळ्याजवळ जाऊन चौथऱ्यावरची पाटी वाचा. अनावरण करणाऱ्या मान्यवरांचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, खाली नगरसेवकांचं, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचं, अनावरणाची तारीख असते. ज्याच्या बोटांतून तो चेहरा उतरला त्या शिल्पकाराचं नाव बहुतेक पाट्यांवर नसतं. आणि त्याची निवड कोणी केली, कोणत्या निकषावर केली, हे तर कोणी विचारतही नाही.

पुतळा कोणाचा, यावर महाराष्ट्र पूर्वीपासून हिरिरीनं भांडत आला आहे. १९२५ साली पुणे नगरपालिकेत केशवराव जेधे यांनी महात्मा फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव मांडला तेव्हा शहरात केवढं वादळ उठलं! पण पुतळा कोणाच्या हातून, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच चर्चेला आला. तो खऱ्या अर्थानं चव्हाट्यावर आला २६ ऑगस्ट २०२४ रोजी, मालवणच्या राजकोट किल्ल्यावर. तोही पुतळा कोसळल्यावर.

घटनाक्रम वाचकांना ठाऊक आहे, तरी त्याची थोडी उजळणी करावी लागेल. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनाच्या निमित्तानं पंतप्रधानांच्या हस्ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. समोरच्या पाण्यात सिंधुदुर्ग, आणि त्या किल्ल्यात राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं मंदिर. महाराजांच्या पुतळ्याला याहून मोलाची जागा कोणती? काम नौदलामार्फत झालं. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागानं नौदलाला २ कोटी ३६ लाख रुपये दिले आणि शिल्पकाराची निवड नौदलाची होती, असं तेव्हाचे बांधकाम मंत्री म्हणाले. कला संचालनालयाकडून सांगण्यात आलं, की आमच्याकडे सहा फुटी मातीच्या नमुन्याला मंजुरी मागितली होती, ती आम्ही दिली. प्रत्यक्ष पुतळा ३५ फुटांचा होणार हे आम्हाला कळवलं नव्हतं. नट-बोल्ट गंजल्याचं पत्र बांधकाम विभागानं पुतळा पडण्याच्या काही दिवस आधीच नौदलाला पाठवलं होतं. पुतळा पडला. शिल्पकार आणि बांधकाम सल्लागार यांना अटक झाली. ३० ऑगस्टला पालघर जिल्ह्यातल्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी माफी मागितली.

नौदल, बांधकाम विभाग, कला संचालनालय या तिघांच्याही हातात एकेक कागद होता आणि तिन्ही कागद आपापल्या जागी बरोबरही असतील. पण एवढ्या मोठ्या कामासाठी हाच माणूस का, याचं उत्तर देणारा चौथा कागद आजवर लोकांसमोर आलेला नाही. मला यातलं हेच सर्वांत गंभीर वाटतं.

त्यानंतरच्या दिवसांत एकच वाक्य सगळीकडे ऐकू येत होतं: चोवीस वर्षांच्या पोराला एवढं काम दिलंच कसं? कल्याणच्या त्या तरुणानं एवढ्या आकाराचं काम पूर्वी केलेलं नव्हतं, ही गोष्ट खरी. त्याची जबाबदारी किती, हे न्यायालय ठरवेल. पण वयाचा मुद्दा मला मान्य नाही, कारण महाराष्ट्राच्या शिल्पकलेचा इतिहासच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ घडवली तेव्हा ते विद्यार्थिदशेत होते, आणि त्या एका मूर्तीनं त्यांचं नाव विलायतेपर्यंत गेलं. कल्याणचेच सदाशिव ऊर्फ भाऊ साठे यांनी दिल्लीच्या टाऊन हॉलसमोरचा गांधीजींचा पुतळा केला तो तिशीच्या आत. पुढे गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळाही साठ्यांनीच घडवला, त्याचं अनावरण २६ जानेवारी १९६१ ला झालं. तेव्हा ते पस्तिशीत होते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, मालवणच्या पुतळ्यासारखाच किनाऱ्यावर, साठाहून अधिक वर्षं तो उभा आहे.

मग फरक कुठे पडतो? त्यासाठी पुण्यातल्या एका जुन्या निवडीकडे जावं लागतं.

पुण्यात शिवरायांचं भव्य स्मारक व्हावं ही कोल्हापूरच्या शाहू महाराजांची तळमळ होती. १९ नोव्हेंबर १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली. शिल्पकार म्हणून पहिलं नाव अर्थातच रावबहादूर म्हात्रे यांचं होतं, कारण त्या काळात त्यांच्या तोडीचा दुसरा ज्येष्ठ शिल्पकार मुंबई इलाख्यात नव्हता. पुढच्या वर्षी शाहू महाराज गेले. काम लांबलं, जबाबदारी त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांच्याकडे आली आणि मुदतीचा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी पुढे आले विनायक पांडुरंग करमरकर, सगळ्यांचे नानासाहेब. अलिबागजवळच्या सासवण्याचे. लहानपणी गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज कलेक्टरच्या नजरेला पडलं आणि त्यानं या मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. पुढे कलकत्त्यात त्यांचा जम बसला होता. पुण्याचं काम हाती आलं तेव्हा ते जेमतेम पस्तिशीचे होते.

म्हणजे बघा, इथेही घाई होती. ज्येष्ठाला बाजूला ठेवून धाकट्याला काम दिलेलं होतं, आणि निवड संस्थानिकाच्या शब्दावर झाली होती. आजच्या चष्म्यातून पाहिलं तर आक्षेप घ्यायला भरपूर जागा. तरीही १६ जून १९२८ ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण झालेला तो साडेतेरा फुटी अश्वारूढ पुतळा आजही पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात जसाच्या तसा आहे. घोड्याची उचललेली टाप, मानेचा ताण, महाराजांची बैठक, कुठेही काही कमी वाटत नाही.

कारण एकच. करमरकर मातीकामापासून ओतकामापर्यंत पुतळ्याच्या पाठीशी स्वतः उभे राहिले. एवढा मोठा ब्राँझचा पुतळा देशात ओतणं तेव्हा सोपं मानलं जात नव्हतं. मोठी ओतकामं विलायतेला पाठवायची रीत होती. करमरकरांनी तो मुंबईतच, माझगाव डॉकमध्ये, एकसंध ओतवला. जहाजं बांधणाऱ्या कारागिरांचं धातूचं ज्ञान आणि शिल्पकाराची नजर एका छताखाली आली. निवडणाऱ्यांनी हा माणूस संपूर्ण काम पेलू शकेल का एवढंच पाहिलं, आणि तोच प्रश्न योग्य होता.

मोठा पुतळा म्हणजे लहान पुतळ्याची फुगवलेली प्रत, हा समज घातक आहे. सहा फुटी नमुन्यावरून ३५ फुटी पुतळा करायचा तर उंची जवळपास सहापट होते, पण वारा झेलणारं क्षेत्रफळ चौतीसपटीच्या घरात जातं. सगळा भार आतल्या सांगाड्यावर येतो. महाराजांचा पुतळा उभा असेल तर तो तोल प्रामुख्यानं दोन घोट्यांवर पेलायचा असतो. किनाऱ्यावर खारी हवा, शिवाय दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटले की ओलाव्यात एक धातू दुसऱ्याला खातो. हे गणित संरचना अभियंत्याचं आहे. चेहरा, पवित्रा, वस्त्राची चुणी शिल्पकाराची. दोघं पहिल्या दिवसापासून एकत्र बसले तरच पुतळा टिकतो. आपल्याकडे कार्यादेश निघताना मात्र दोघांपैकी एकाचं नाव दुसऱ्याच्या ठेक्यात दडलेलं असतं.

मालवणनंतर सरकारनं चूक सुधारली, हे मान्य केलं पाहिजे. नवी निविदा निघाली, शंभर वर्षं टिकण्याची हमी आणि दहा वर्षांची देखभाल या अटी आल्या. काम राम सुतार यांच्या संस्थेला मिळालं आणि ११ मे २०२५ ला ६० फुटी नवा पुतळा त्याच जागी उभा राहिला. सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, जे. जे.चे विद्यार्थी, संसद भवनातल्या ध्यानस्थ गांधींचे आणि नर्मदेकाठच्या १८२ मीटर उंच सरदार पटेलांचे शिल्पकार. त्यांच्या योग्यतेबद्दल वादच नाही.

पण निविदेची अट पूर्वी केलेल्या तशाच कामांची आणि उलाढालीची असली, की मैदानात एक-दोनच घरं उरतात. मालवण, इंदू मिलच्या जागेवरचं बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक, अरबी समुद्रातलं नियोजित शिवस्मारक, तिन्हींसाठी एकाच कार्यशाळेचं नाव पुढे येतं. तरुण करमरकर आज अर्ज करायला गेले असते तर पात्रतेच्या पहिल्याच पानावर बाद झाले असते. एकीकडे कसोटी न लावता नवख्याला काम देणं आणि दुसरीकडे अशी कसोटी लावणं की नवा माणूस आतच येऊ नये, या दोन्ही टोकांनी शिल्पकलेचं सारखंच नुकसान होतं.

या पेचातून बाहेर पडायची वाट जगात इतरांनी शोधलेली आहे. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकासाठी १९८१ मध्ये खुली स्पर्धा झाली. १,४२१ प्रवेशिका आल्या, सगळ्या नावाशिवाय, फक्त क्रमांकानं. परीक्षक वास्तुरचना आणि शिल्पकलेतले जाणकार होते. निवडलेली संकल्पना निघाली २१ वर्षांच्या माया लिन या विद्यार्थिनीची. नाव उघड झाल्यावर तिच्या वयावरून, चिनी वंशावरून, काळ्या दगडाच्या भिंतीवरून गदारोळ झाला. तोडगा म्हणून जवळच तीन सैनिकांचा वेगळा पुतळाही उभारावा लागला. पण निवड निनावी आणि उघड रीतीनं झाली होती, म्हणून ती टिकली. आज त्या भिंतीवरच्या नावांवरून बोट फिरवत माणसं रडतात.

त्याच शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मारकाची गोष्ट उलटी घडली. २००७ मध्ये चीनचे शिल्पकार लेई यीशिन यांचं नाव जाहीर झालं आणि कृष्णवर्णीयांच्या लढ्याच्या नेत्याचं शिल्प अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलावंताकडे का नाही, असा प्रश्न उठला. दगडही चीनचा. २००८ मध्ये ललित कला आयोगानंही नमुन्यातला पवित्रा आक्रमक असल्याचा आक्षेप नोंदवला. आपल्याकडेही सरदारांच्या पुतळ्याचं ब्राँझचं आवरण चीनमधल्या ओतशाळेतून आलं तेव्हा असाच वाद झाला होता. ‘आपल्याच माणसाला काम द्या’ ही मागणी मी थट्टेवारी नेणार नाही, तिच्यामागे दुखावलेला स्वाभिमान असतो. पण साठ्यांनी दिल्लीत गांधी घडवले, करमरकरांनी कलकत्त्यात नाव कमावलं. त्यांना तिथे कोणी परका म्हणून अडवलं असतं तर? शिल्पकाराचं गाव विचारण्यापेक्षा ज्यांचा हा नेता आहे त्या लोकांना निवडीत जागा मिळाली का, हे विचारायला हवं.

पुतळ्याशी लोकांचं नातं किती जवळचं असतं, याची फार मोठी किंमत उपनगरात मोजली गेली आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचं पहाटे उघडकीस आलं. लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा जीव गेला. त्या वस्तीत पुतळा चौकाची शोभा नव्हता, घरातल्या माणसासारखा होता. अशा लोकांसाठी दादरच्या इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचा प्रचंड पुतळा उभा राहतो आहे. जानेवारी २०२० च्या निर्णयानुसार तो चौथऱ्यासह ४५० फूट उंच असेल. त्याचा २५ फुटी नमुना गाझियाबादच्या कार्यशाळेत होता, २०२२ मध्ये राज्याचे मंत्री तिथे जाऊन तो पाहून आले. चेहरेपट्टीबद्दल आंबेडकरी कार्यकर्त्यांनी आणि कलावंतांनी आक्षेपही घेतले. माझं म्हणणं असं, की तो नमुना गाझियाबादेत पाहण्याऐवजी मुंबईत आणून महिनाभर उघडा ठेवायला हवा होता. बाबासाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेली म्हातारी माणसं फार थोडी उरली आहेत. चष्म्यामागची ती नजर बरोबर उतरली की नाही, हे त्यांनी सांगायला हवं होतं.

राज्यात पुतळ्यांसाठी नियम आहेत. २०१७ च्या शासन निर्णयात परवानग्यांची लांब साखळी आहे, तीत मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. सार्वजनिक रस्त्यावर, पदपथावर नवे पुतळे नकोत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१३ मध्ये सांगितलं आहे. जागा कुणाची, वाहतुकीला अडथळा होतो का, कायदा-सुव्यवस्थेचं काय, सगळं तपासलं जातं. पुतळा घडवणारा कसा निवडला, हा रकाना मात्र या साखळीत दुर्लक्षित राहिला आहे. त्याहून घातक सवय म्हणजे अनावरणाची तारीख आधी ठरवणं. जयंती, नौदल दिन, निवडणुकीची आचारसंहिता. तारीख ठरली की माती सुकायला, मेण उतरवायला, सांधे तपासायला वेळ उरत नाही. करमरकरांनी मुदत पाळली ती त्यांच्या असामान्य कुवतीमुळे. असामान्य माणूस भेटेलच या भरवशावर सरकारी कामाची पद्धत बेतता येत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या प्रभागात पुतळ्याचा ठराव आला, वर्गणीची पावती दारात आली, तर पैसे देण्याआधी चार गोष्टी मागा: शिल्पकाराचं नाव आणि त्यानं केलेली मोठी कामं, त्याच्यासोबत बसणाऱ्या अभियंत्याचं नाव, मातीचा नमुना सर्वांना पाहता येईल अशी जागा, आणि चौथऱ्यावर शिल्पकाराच्या नावाची ओळ. या चार गोष्टी लेखी मिळेपर्यंत अनावरणाची तारीख ठरवू देऊ नका.