उसन्या घोड्यावरचा नायक

पॉल रिव्हिअर 1818 साली, वयाच्या 83व्या वर्षी वारला. बॉस्टनकरांना तो ठाऊक होता चांदीची भांडी घडवणारा, घंटा ओतणारा, तांब्याचे पत्रे लाटणारा कारखानदार म्हणून. अमेरिकेतल्या शाळांचा तो नायक झाला कवी लाँगफेलोच्या कवितेमुळे. इंग्रज फौज येत असल्याचा इशारा द्यायला त्यानं 18 एप्रिल 1775 च्या रात्री केलेली घोडदौड आणि ही कविता यांत जवळजवळ 86 वर्षांचं अंतर आहे. जानेवारी 1861 मध्ये ती छापून आली तेव्हा यादवी युद्ध दाराशी होतं. झोपलेल्या देशाला जागं करणारा एकटा स्वार गुलामगिरीविरोधी कवीला हवाच होता.

पुढं पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ती घोकली आणि कवितेलाच इतिहास मानलं. कवितेत रिव्हिअर पलीकडच्या काठावर इशाऱ्याच्या कंदिलांची वाट पाहतो आणि थेट काँकॉर्ड गाठतो. खरं तर ते दोन कंदील त्यानंच लावायला सांगितले होते, चार्ल्सटाउनच्या मंडळींना इशारा म्हणून. तोच निरोप घेऊन दुसऱ्या वाटेनं विल्यम डॉजही निघाला होता. पुढं लिंकनजवळ इंग्रज गस्तीनं रिव्हिअरला पकडलं. काँकॉर्डला पोचला तो वाटेत भेटलेला डॉक्टर सॅम्युअल प्रेस्कॉट. बिचाऱ्या डॉजच्या वाट्याला 1896 साली आलं ते या कवितेचं एक विडंबन!

1943 मध्ये एस्थर फोर्ब्सची ‘जॉनी ट्रेमेन’ ही कादंबरी आली. हात भाजलेल्या शिकाऊ चांदीकाराच्या या गोष्टीतून मुलांना कवितेत नसलेलं कारागिरांचं बॉस्टन भेटलं. 1994 मध्ये इतिहासकार डेव्हिड हॅकेट फिशरनं त्या रात्रीच्या निरोप्यांचं अख्खं जाळंच उलगडून दाखवलं.

आता वर्गात रिव्हिअरचं 1770 चं कोरीव चित्रही येतं. बॉस्टनमधल्या गोळीबाराच्या या चित्रात इंग्रज शिपाई शिस्तीत रांगेनं गोळ्या झाडतात आणि जकात कचेरीवर चक्क ‘बुचर्स हॉल’ अशी पाटी आहे. साक्षीदारांच्या जबान्यांत मात्र गोंधळ, शिव्या, बर्फाचे गोळे. शिवाय मूळ चित्र हेन्री पेल्हमचं. रिव्हिअरनं ते उचललं, अशी पेल्हमची तक्रार होती. देशभक्ताचं चित्र म्हणजे प्रचार, हे मुलांनी स्वतः शोधून काढावं, यासारखा दुसरा धडा नाही.

दौडीच्या रात्रीची हकिगत रिव्हिअरनं स्वतः इतिहासकार जेरेमी बेलनॅपला पत्रातून लिहून ठेवली आहे. कवितेआधी मुलांच्या हाती ते पत्र द्यावं. घोडा उसना आणलेला होता, हे त्यात कळतं. गस्तीवरच्या सार्जंटानं तो काढून घेतला. मालकाला तो कधीच परत मिळाला नाही.