गाडी गेली, स्टेशन राहिलं

गाडी बंद झाली की स्टेशनाचं काय होतं, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आधी पत्रे जातात, मग दारं-खिडक्या. अमेरिकेत शिकागोच्या पश्चिमेला असलेल्या व्हिला पार्क गावात मात्र १९२९ सालचं स्टेशन शाबूत आहे आणि त्यात गावाच्या इतिहासाचं संग्रहालय चालतं. (गाव म्हणजे कायद्यानेही गावच. इलिनॉय राज्यात त्याची नोंद 'व्हिलेज' अशी आहे. निवडून आलेले अध्यक्ष आणि सहा सदस्य कारभार बघतात.)

शिकागो-ऑरोरा-एल्जिन या विजेवर चालणाऱ्या रेल्वेचं हे स्टेशन. ते बांधताना ओव्हल्टिन कंपनीनेही हातभार लावला. जुन्या मंडळींना ओव्हल्टिनचा डबा आठवत असेल. सातूचा माल्ट, दूध, अंडी, कोको, म्हणजे बराचसा शेतकऱ्याच्या घरचाच माल! कंपनीचा कारखाना १९१७ पासून याच गावात होता आणि त्याच्यासाठी हे स्टेशन सोयीचं होतं.

पुढे महामार्गाच्या कामापायी १९५३ पासून ही गाडी थेट शिकागोत जाईना. वाटेत उतरून दुसरी गाडी धरायची. प्रवासी कंटाळले, उत्पन्न घटलं. ३ जुलै १९५७ ला कंपनीला कोर्टाची परवानगी मिळाली आणि तिने त्याच दुपारी गाड्या थांबवल्या. सकाळी कामाला गेलेल्यांना संध्याकाळी परतायला गाडीच नाही! लोकांनी पदरमोड करून कसंबसं घर गाठलं.

खरी कसोटी त्यानंतरची. रूळ उखडले, तण माजलं. अशी लांबलचक पट्टी तुकड्या-तुकड्याने विकली जाते, आजूबाजूचे बांध सरकतात आणि एकदा मोडलेली पट्टी पुन्हा जुळत नाही. १९६३ मध्ये मे थिलगार्ड वॉट्स या निसर्ग-अभ्यासक बाईंनी 'शिकागो ट्रिब्यून'ला पत्र लिहिलं, की ही जागा सलग ठेवा आणि तिथे पायवाट करा. लोक कामाला लागले. आज ती 'इलिनॉय प्रेअरी पाथ' म्हणून शंभरेक किलोमीटर लांब आहे.

कारखानाही १९८० च्या दशकात बंद पडला. त्या इमारतीत आता लोक राहतात. स्टेशनाची नोंद १९८६ मध्ये देशाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत झाली. आत ओव्हल्टिनच्या वस्तू जपल्या आहेत आणि समोर, रूळ होते तिथून, सायकली जातात.