महागाई दिलासा : वाढ नव्हे, भरपाई

केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना वर्षातून दोन वेळा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून, सुधारित दराने महागाई दिलासा दिला जातो. सेवेतील कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या महागाई भत्त्याचाच हा दर असतो. मंत्रिमंडळाचा निर्णय बहुधा मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास जाहीर होतो. मधल्या महिन्यांची रक्कम थकबाकी म्हणून मिळते.

दिलाशात ३ टक्के वाढ झाल्याचे वृत्त आले की निवृत्तिवेतनच ३ टक्क्यांनी वाढले, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ही टक्केवारी मूळ निवृत्तिवेतनावर मोजली जाते. जुलै २०२५ पासून हा दर ५५ वरून ५८ टक्के करण्यात आला. ज्यांचे मूळ निवृत्तिवेतन २०,००० रुपये आहे, त्यांची एकूण रक्कम ३१,००० वरून ३१,६०० रुपये झाली. म्हणजे हाती येणाऱ्या रकमेतील वाढ दोन टक्क्यांहूनही थोडी कमी होती.

हा दर औद्योगिक कामगारांसाठीच्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकावरून ठरतो. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या अखत्यारीतील श्रम ब्युरो देशातील ८८ केंद्रांवरील किरकोळ किमतींच्या आधारे तो दरमहा तयार करतो. मुंबई, पुणे, नागपूर आणि सोलापूर यांचाही या केंद्रांत समावेश आहे. आधीच्या बारा महिन्यांची सरासरी २६१.४२ या पायाभूत आकड्यापेक्षा किती टक्के अधिक आहे, हे पाहून दर निश्चित होतो. २०२० पासून निर्देशांकासाठी २०१६ हे आधारवर्ष धरले जाते. त्यामुळे या हिशेबासाठी नव्या आकड्याला २.८८ ने गुणावे लागते. उत्तरातील अपूर्णांक सोडून दिला जातो. समजा, उत्तर ५८.९ आले, तरी दर ५८ टक्केच राहतो.

महागाई आधी सोसावी लागते आणि तिची भरपाई नंतर मिळते, हे या पद्धतीवरून स्पष्ट होते. शिवाय हा निर्देशांक कामगार कुटुंबाच्या खर्चावर आधारलेला आहे. औषधोपचारावर अधिक खर्च करणाऱ्या वृद्धांची महागाई त्यात पुरेशी उमटतेच असे नाही.

ही भरपाई थांबूही शकते. कोविड साथीच्या काळात जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ पासून देय असलेले तीन हप्ते गोठवण्यात आले. जुलै २०२१ पासून दर १७ वरून थेट २८ टक्के करण्यात आला. मात्र मधल्या १८ महिन्यांची थकबाकी देण्यात आली नाही. यातून ३४,४०२ कोटी रुपयांची बचत झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले.

सर्वच निवृत्तांना हे संरक्षण नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अन्वये मिळणारी रक्कम महागाईशी जोडलेली नाही. या योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरवण्यात आले, परंतु किमती वाढल्या म्हणून ते आपोआप वाढत नाही. जानेवारी २००४ पासून केंद्रीय नागरी सेवेत आलेल्यांसाठीच्या राष्ट्रीय पेन्शन प्रणालीतही महागाई दिलासा नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या एकीकृत पेन्शन योजनेत मात्र तशी तरतूद आहे. राज्य सरकारे आपल्या निवृत्तांसाठी स्वतंत्र आदेश काढतात. त्यामुळे केंद्राचा निर्णय त्यांना आपोआप लागू होत नाही.

केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांनी काही बाबी अवश्य तपासाव्यात. निवृत्तिवेतनाच्या काही भागाचे अंशराशीकरण करून एकरकमी पैसे घेतले असले, तरी दिलासा कपातीपूर्वीच्या पूर्ण मूळ रकमेवर मिळतो. वयाच्या ८० व्या वर्षापासून मिळणाऱ्या अतिरिक्त निवृत्तिवेतनावर आणि कुटुंब निवृत्तिवेतनावरही तो देय असतो. हिशेबात रुपयाचा अंश आला, तर तो पुढच्या पूर्ण रुपयात धरला जातो. नवा दर जाहीर झाल्यावर बँकेत जमा झालेली रक्कम आणि थकबाकी या नियमांनुसार पडताळून पाहणे हिताचे ठरते.