‘पुरवठा’ आणि ‘परत’ : उष्णतापंपाच्या जोडणीतील दोन संज्ञा

उष्णतापंप हे उष्णता निर्माण करणारे यंत्र नव्हे. कमी तापमानाच्या ठिकाणची उष्णता अधिक तापमानाच्या ठिकाणी वाहून नेणारे ते यंत्र होय. इमारत तापविण्यासाठी अशा यंत्राचा उपयोग करावा ही कल्पना विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्धी पावलेले शास्त्रज्ञ, यांनी १८५२ मध्ये मांडली. झुरिक येथील नगरभवन १९३८ पासून लिमात नदीच्या पाण्यातील उष्णतेवर तापविले जाऊ लागले. या यंत्रांचा एक प्रकार असा की, त्याच्या एका अंगाने पाणी वाहते व दुसऱ्या अंगाने हवा. साहजिकच त्याला पाण्याचे दोन नळ आणि हवेच्या दोन वाहिन्या, म्हणजे डक्ट, जोडाव्या लागतात.

या चार जोडण्यांना आराखड्यात ‘सप्लाय’ व ‘रिटर्न’, अर्थात ‘पुरवठा’ व ‘परत’, अशी नावे असतात. वरवर पाहता ती निःसंदिग्ध वाटतात. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. पुरवठ्याची हवा यंत्रातून बाहेर पडून खोल्यांकडे जाते. पुरवठ्याचे पाणी मात्र बाहेरून यंत्रात शिरते. परतीची हवा यंत्रात येते, तर परतीचे पाणी यंत्रातून निघते. एकाच पेटीवर एकाच शब्दाचे दोन विरुद्ध अर्थ होतात. याचे कारण उघड आहे. ‘पुरवठा’ या शब्दाला ‘कोणाला?’ ही आकांक्षा असते. हवेच्या बाबतीत घेणारी खोली होय. पाण्याच्या बाबतीत घेणारे यंत्रच होय. शब्द तोच राहिला, संप्रदान बदलले.

हा केवळ शाब्दिक वाद नव्हे. पाण्याच्या प्रवेशमार्गावर गाळणी बसवितात. नळांची अदलाबदल झाल्यास ती निर्गमाच्या बाजूस राहते आणि नळांतील कचरा थेट उष्णताविनिमयकात जाऊन साचतो. एक टन, म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट, क्षमतेस सामान्यतः मिनिटास ११ लिटर पाणी व ११ घनमीटर हवा लागते. पाण्याचा ओघ मंदावला की, यंत्र तापविण्याचे काम करीत असता विनिमयकातील पाणी गोठण्याची भीती असते. नळी फुटल्यास पाणी शीतकाच्या मंडलात शिरते आणि संपीडक निकामी होतो. यास्तव जोडणीपूर्वी यंत्र वगळून नळ धुऊन काढणे, दोन्ही नळांवर बंद करता येणारी झडप ठेवणे आणि कंप पसरू नये म्हणून नळ व वाहिन्या लवचीक तुकड्यांनी जोडणे इष्ट ठरते.

‘बाष्पक’ व ‘संघनक’ या संज्ञांचीही हीच गत आहे. यंत्र गारवा देत असता पाण्याकडील विनिमयक संघनकाचे काम करतो. दिशा उलटताच तोच बाष्पक होतो. म्हणून त्याला ‘पाण्याचा विनिमयक’ म्हणणेच सुरक्षित. कार्य बदलले तरी त्याचे स्थान बदलत नाही.

हाच न्याय नळांना लावता येतो. तापमान नोंदविताना इंग्रजी परिभाषेत ‘एंटरिंग’ व ‘लीव्हिंग’ असे शब्द वापरतात. त्यांचा संदर्भबिंदू यंत्र हाच असतो. मराठीत ‘येणारे’ व ‘जाणारे’ पाणी म्हणून भागणार नाही, कारण ‘येणे’ व ‘जाणे’ या क्रिया बोलणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतात. ‘आत’ व ‘बाहेर’ या शब्दांचा अर्थ मात्र, यंत्र हे अधिकरण एकदा ठरले की, कोणी कोठेही उभा असला तरी ढळत नाही. तेव्हा ‘जल-प्रवेश’, ‘जल-निर्गम’, ‘वायु-प्रवेश’ व ‘वायु-निर्गम’ या चार संज्ञा यंत्रावर व आराखड्यावर सारख्याच लिहिल्या, तर जोडणाऱ्या कारागिरास अर्थ लावीत बसावे लागणार नाही. परिभाषेची खरी कसोटी कोशात नव्हे, तर पाना हाती घेतलेल्या माणसाला एकदाच वाचून दिशा कळते की नाही, यात आहे.