ऑपरेशननंतर पीएसए पुन्हा वाढला, तर?

प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रियेने पूर्ण काढल्यानंतर साधारण दीड-दोन महिन्यांत रक्तातील पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवा. हे प्रथिन मुख्यतः प्रोस्टेटच्या पेशीच तयार करतात. त्यामुळे काही वर्षांनी हा आकडा पुन्हा वाढू लागला की घरात धास्ती पसरते. सलग दोन तपासण्यांत तो ०.२ किंवा अधिक आला, तर कर्करोग परतल्याचे मानतात. मात्र या टप्प्यावर बहुतेकांना कुठलाही त्रास नसतो.

घाई किती करायची, याचे उत्तर आकड्यापेक्षा त्याच्या वेगात दडलेले असते. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील सुमारे दोन हजार रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पीएसए वाढल्यापासून कर्करोग शरीरात इतरत्र दिसेपर्यंत साधारण आठ वर्षे गेली होती. काहींत मात्र तो फार लवकर पसरला. पीएसए दुप्पट व्हायला वर्षाहून अधिक काळ लागत असेल आणि ग्लीसन स्कोअर आठपेक्षा कमी असेल, तर धोका कमी. अशा वेळी, विशेषतः वय जास्त किंवा हृदयविकार असल्यास, ठरावीक काळाने तपासत राहणे हाही उपचाराचाच मार्ग असतो.

वेग जास्त असेल, तर प्रोस्टेट होती त्या जागेवर रेडिएशन दिले जाते. या टप्प्यावर आजार मुळासकट जाण्याची ही बहुधा शेवटची संधी असते आणि पीएसए ०.५ च्या आत असताना ती अधिक चांगली असते. इथेच अनेक जण चुकतात. पीएसएमए पेट स्कॅनमध्ये काही दिसले नाही, म्हणून निर्धास्त होतात. पीएसए कमी असताना सूक्ष्म पेशी स्कॅनमध्ये सापडतीलच असे नाही. डाग दिसण्याची वाट पाहण्यात मोलाचे महिने निघून जातात.

‘ऑपरेशननंतर लगेच रेडिएशन घेतले असते तर?’ ही रुखरुख मात्र नको. २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या १,३९६ रुग्णांच्या ‘रॅडिकल्स’ चाचणीत लगेच रेडिएशन देण्याचा जादा फायदा दिसला नाही. लघवीच्या तक्रारी मात्र वाढल्या.

हार्मोन उपचार सोबत घ्यायचे का, हा पुढचा प्रश्न. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन वर्षांच्या गोळ्यांनी बारा वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ७१ वरून ७६ टक्क्यांवर गेले. हा फायदा मुख्यतः पीएसए जास्त असलेल्यांना झाला. हार्मोनच्या इंजेक्शनांनी हाडे ठिसूळ होतात, अंगातून गरम वाफा येतात, मधुमेहही बळावू शकतो.

रेडिएशनसाठी आठवड्यातून पाच दिवस, साधारण चार ते सात आठवडे जावे लागते. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ असल्याने पनवेल, उरणच्या रुग्णांना परळव्यतिरिक्त जवळचा पर्याय आहे. निर्णय एका दिवसात घ्यायची गरज नसते, पण तो वर्षभर लांबवूही नये. पीएसए दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासावा, सर्व जुने आकडे तारखेनिशी एका कागदावर मांडावेत आणि बायोप्सीच्या अहवालासह युरोसर्जन व रेडिएशनतज्ज्ञ या दोघांनाही दाखवावेत. ‘थांबलो तर काय होईल आणि उपचार घेतले तर काय गमवावे लागेल?’ हे दोघांनाही विचारावे.