पोटरीतला शाळू आणि थंडीच्या रात्री

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरोळ, हातकणंगले या तालुक्यांत उसाचा पसारा मोठा असल्यामुळे गाळप हंगामात गोठ्याला वाड्यांची वैरण मुबलक मिळते. परंतु हंगाम आटोपल्यावर, विशेषतः उन्हाळ्यात, जनावरांना आधार असतो तो पेंड्या बांधून रचून ठेवलेल्या शाळूच्या कडब्याचा. शाळू, म्हणजेच रब्बी ज्वारी, भाकरीसाठी आणि वैरणीसाठी अशा दुहेरी अपेक्षेने पेरला जातो. ज्याचे कणीस भरत नाही असा वाण शेतकरी पुन्हा पेरत नाही आणि त्याबरोबर त्याचा कडबाही शेतातून जातो, म्हणून या वैरणपिकाच्या थंडी सोसण्याच्या गुणाचा विचार करताना धाटाइतकेच लक्ष कणसाकडे द्यावे लागते.

थंडी सोसणे याचा अर्थ सर्व प्रदेशांत सारखा नसतो. वेंडेलिन ग्रिम या जर्मन स्थलांतरिताने 1857 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे लसूणघासाचे बी नेले, तेव्हा तेथील गोठवणाऱ्या हिवाळ्यात बहुतेक झाडे मेली. जी तगली त्यांचेच बी तो वर्षानुवर्षे राखत गेला आणि त्यातून हिवाळ्यात टिकणारा वाण उभा राहिला. तेथे निवड सोपी होती, कारण दुबळे झाड आपोआप नाहीसे होत असे. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीतील किमान तापमान सरासरीने 14 ते 15 अंश सेल्सिअसच्या आसपास राहते आणि काही निरभ्र रात्री ते त्याखाली उतरते. एवढ्या थंडीने शाळूचे धाट मरत नाही, पानही करपत नाही. बाधतो तो केवळ पराग, आणि तोही झाडाच्या आयुष्यातील मोजक्या रात्रींत.

या मोजक्या रात्री पीक पोटरीत असताना येतात. कणीस अद्याप शेवटच्या पानाच्या आवरणात असते आणि आत परागकोशांतील मातृपेशींचे विभाजन होऊन पराग घडण्यास आरंभ होत असतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरमध्ये पेरलेला शाळू या अवस्थेला नेमका थंडीच्या तोंडावर पोहोचतो. रात्रीचे तापमान सुमारे 13 अंशांपर्यंत घसरले, तर संवेदनशील वाणात परागनिर्मिती बिघडते, मात्र त्याच फुलातील बीजांड बहुधा शाबूत राहते. कणसाचे सर्व भाग एकाच दिवशी या अवस्थेत येत नसल्यामुळे, थंडीची लाट दोन-तीन रात्रींची असेल तर कणसाचा एखादाच पट्टा दाण्यांविना राहू शकतो.

बीजांड शाबूत राहते, या एका गोष्टीमुळे निवडीचे काम अवघड होते. शेजारच्या झाडाचा पराग वाऱ्याने येऊन पडला की ज्याचा स्वतःचा पराग निकामी झाला आहे असे कणीसही भरते आणि त्याचा दुबळेपणा झाकला जातो. म्हणून कणीस पोटरीतून बाहेर पडताच, त्याच्या शेंड्याकडील पहिले फूल उमलण्याआधी, त्यावर कागदी पिशवी चढवून तिचे तोंड देठाशी आवळतात. फुले शेंड्याकडून खाली उमलत जातात आणि सारे कणीस फुलून होण्यास साधारण आठवडा लागतो, त्यामुळे पिशवी तोवर हलू द्यायची नसते. पुढे पिशवीत जेवढे दाणे धरले, तेवढीच त्या झाडाच्या स्वतःच्या परागाची थंडीतील कमाई मानली जाते.

दाणे धरण्याची वाट न पाहताही परागाची परीक्षा घेता येते. उमलण्याच्या बेतात असलेल्या फुलातील तीन परागकोश काढून ते काचपट्टीवर आयोडीनच्या द्रावणात चुरडले की सूक्ष्मदर्शकाखाली सुदृढ पराग गोल, भरीव व निळसर काळे दिसतात, कारण त्यांत पिष्ट साठलेले असते. निकामी पराग आक्रसलेले आणि फिकट पिवळसर राहतात.

या गुणाचा वारसा एकाच जनुकावर अवलंबून नाही. अनेक जनुकांचे लहान-लहान परिणाम एकत्र येऊन तो घडतो, आणि म्हणूनच एका संकरात तो पूर्णपणे उचलून आणणे कठीण जाते. संकरित वाणांत आणखी एक अडचण उभी राहते. ज्वारीचे संकरित बी तयार करताना मादी ओळीत नरवंध्यत्व, म्हणजे पराग निकामी ठेवणारा गुण, पेशीद्रव्यातून आणलेला असतो, तर नर ओळीतील पुनःस्थापक जनुके संकरित पिढीत परागाची क्षमता परत आणतात. थंड रात्रींत या जनुकांचे कार्य मंदावते, त्यामुळे खरिपात कणीस भरगच्च भरणारा संकरित वाण रब्बीत विरळ दाण्यांचा निघू शकतो. 1964 मध्ये सीएसएच-1 हा भारतातील पहिला संकरित ज्वारीचा वाण आल्यानंतर खरीप ज्वारीचे रूप पालटले. परंतु रब्बीत, 1930 च्या दशकात मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेल्या मालदांडी 35-1 या वाणाचे स्थान दीर्घकाळ अढळ राहिले, त्यामागे थंडीतही दाणा धरण्याची त्याची क्षमता हे एक महत्त्वाचे कारण आहे.

रोपावस्थेतील थंडी सोसणे हा तर आणखी वेगळा गुण आहे. चीनमधील काओलियांग ज्वारीत तो आढळतो. मात्र त्याच्याशी निगडित जनुकस्थाने दाण्यातील टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि धाटाची उंची ठरवणाऱ्या जनुकांच्या जागीच सापडली आहेत. त्यामुळे तुरटपणा नसलेला दाणा व ठेंगणे धाट निवडताना अमेरिकेतील पैदासकारांकडून थंडी सोसण्याची क्षमताही नकळत वगळली गेली असावी, असे अनुमान काढले जाते.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा की, शाळूची थंडी सोसण्याची क्षमता तपासायची असेल तर ती रब्बीतच, येथील रात्रींतच आणि पोटरीच्या दिवसांशी थंडीची गाठ पडेल अशा वेगवेगळ्या पेरणीतारखांनी तपासली पाहिजे. खरिपातील उत्पादनाचे आकडे त्यासाठी निरुपयोगी आहेत. गावोगावचे जुने शाळू शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या याच रात्रींतून पार केलेले बी आहे. ते एकदा गमावले, तर त्यातील लहान-लहान जनुकांचा मेळ प्रयोगशाळेत पुन्हा जुळवणे अतिशय कठीण आहे, म्हणून ते राखणे हे भाकरीइतकेच वैरणीच्याही हिताचे काम आहे.