बर्फावरील गाडी आणि काजळी धरलेला प्लग

कंदिलाची वात प्रमाणाबाहेर वर केली म्हणजे उजेड वाढत नाहीं, उलट कांच काळी होते, हें आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्या मंडळींस सांगावयास नको. वीज गेल्यावर घाईघाईनें कंदील लावणाऱ्या मुलांच्याहि तें ध्यानांत आलें असेल. प्रस्तुत लेखाचा विषय दूरचा, म्हणजे कॅनडा देशांत बर्फावर धांवणाऱ्या स्नोमोबाईल नामक गाडीचा आहे; परंतु त्यांतील बहुतेक मर्म या काळ्या कांचेंत सांपडतें.

या गाडीला चाकें नसतात. पुढें वळण्यासाठीं दोन स्की, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या लांब पट्ट्या. मागें रबराचा रुंद, खांचेदार, गोल फिरणारा पट्टा. वर मोटारसायकलीसारखी बैठक आणि पुढच्या अंगास इंजिन, अशी तिची रचना असते. कॅनडाच्या उत्तर भागांत हिवाळ्यांतील पहांटे उष्णमान शून्याखालीं ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरणें ही नवलाची गोष्ट नव्हे. अशा पहांटे मनुष्य गाडीपाशीं येतो, इंजिन फिरविणारा दोर ओढतो, पुनः ओढतो. इंजिन एकदां खोकल्यासारखें करतें आणि गप्प बसतें. दहा-वीस वेळां ओढून दम लागतो, अंगास घाम येतो आणि तोच घाम पुढें गारठूं लागतो. बहुतेक वेळीं दोष एका बोटाएवढ्या वस्तूंत, स्पार्क प्लगमध्यें, असतो.

वस्ती जवळ असेल तर ही केवळ गैरसोय होय. परंतु ज्या मुलखासाठीं ही गाडी निर्माण झाली, तेथें गाडी चालणें वा न चालणें याचा अर्थ फार निराळा होता. क्वेबेक प्रांतांतील व्हॅलकोर्ट गांवीं १९०७ सालीं जन्मलेले जोसेफ-आर्माँ बोंबार्डिये हे लहानपणापासूनच यंत्रांचे वेडे. पंधराव्या वर्षीं त्यांनीं जुन्या फोर्ड मोटारीचें इंजिन घसरगाडीवर बसवून तिला विमानासारखा पंखा जोडला होता. पुढें १९३४ च्या हिवाळ्यांत त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटांतील दाहानें अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाखालीं गडप झालेले, इस्पितळ सुमारें पन्नास किलोमीटर दूर, आणि बापाच्या कारखान्यांत आकार घेत असलेली बर्फगाडी अद्याप कामास येण्याजोगी नव्हती. मुलगा वांचला नाहीं. १९३७ सालीं त्यांस रबरी पट्टा व तो फिरविणारें दांतेरी चाक यांचें पेटंट मिळालें. त्याच सुमारास सात माणसांची बंद गाडी निघाली. आणि १९५९ सालीं ‘स्की-डू’ नांवाची लहान गाडी बाजारांत आली. तिच्या पहिल्या नगांपैकीं एक उत्तर ऑन्टारिओंतील लॅन्सडाउन हाउस या एकाकी वस्तींत राहणारे मिशनरी फादर मॉरिस विमे यांच्याकडे गेला. अशा मुलखांत हिवाळ्यांतील फिरतीस पूर्वीं कुत्र्यांची घसरगाडी लागत असे. कुत्र्यांस प्लग नसतो, ही त्या जुन्या वाहनाची एक सोय मान्य केली पाहिजे.

आतां प्लगकडे वळूं. सिलिंडरच्या माथ्यावर बसविलेल्या या वस्तूंत मधोमध धातूची एक कांडी असते आणि तिच्याभोंवतीं चिनी मातीसारख्या पांढऱ्या, वीज न वाहूं देणाऱ्या पदार्थाचें वेष्टन असतें. कांडीचें टोंक व बाजूनें वांकवून आणलेली दुसरी धातूची जीभ यांमध्यें पाऊण मिलिमीटरच्या आसपास फट ठेवलेली असते. दहा हजारांहून अधिक व्होल्टच्या दाबानें वीज ही फट उडी मारून ओलांडते. ती ठिणगी, आणि तिच्या योगें पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण पेट घेतें. वीज उडी मारते ती दुसरी सोपी वाट नसते म्हणूनच. पांढऱ्या वेष्टनावर काजळीचा थर बसला म्हणजे सोपी वाट तयार होते. काजळी म्हणजे कोळसाच, आणि तिच्यांतून वीज वाहते. मग वीज उडी न मारतां त्या काळ्या थरावरून हळूच निसटते. दोर ओढणाऱ्याचे श्रम फुकट जातात.

ही काजळी थंडींतच विशेष कां धरावी? पेट्रोल द्रवरूपांत पेटत नाहीं, त्याची वाफ पेटते. साधारणतः एक भार पेट्रोलास पंधरा भार हवा हें प्रमाण ज्वलनास योग्य. परंतु कडाक्याच्या थंडींत पेट्रोलाचा लहानसा अंशच वाफ होतो. बाकीचें थेंब होऊन इंजिनाच्या गार भिंतींवर बसतें. म्हणून पुरेशी वाफ मिळावी एवढ्यासाठीं चोक ओढून मुद्दाम जास्त पेट्रोल द्यावें लागतें. इंजिनानें पहिल्या एक-दोन ओढींत पेट घेतला तर ठीक. न घेतला तर तें जादा पेट्रोल प्लगवर सांचतें. प्रत्येक नव्या ओढीबरोबर आणखी पेट्रोल आंत येतें, प्लग आणखी भिजतो आणि सुरू होण्याची आशा वाढण्याऐवजीं घटते. ओल्या लांकडांनीं भरलेल्या चुलींत आणखी लांकडें कोंबण्यासारखाच हा प्रकार होय.

त्यांतून जुन्या पद्धतीच्या स्नोमोबाईलीं टू-स्ट्रोक इंजिनांच्या असतात. त्यांत वंगणाचें तेल पेट्रोलाबरोबरच जळतें. पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल हें एक नेहमींचें प्रमाण. आपल्याकडे जुन्या स्कूटरी अशाच असत. पंपावर पेट्रोलांत तेल मिसळून घेणारे, सकाळीं स्कूटर कलती करून मग किक मारणारे आणि बैठकीखालीं प्लगचा पाना बाळगणारे गृहस्थ आमच्या पालकवर्गांत पुष्कळ असतील. त्यांस या तेलकट काळ्या प्लगची ओळख करून द्यावयास नको.

प्लगला स्वतःस स्वच्छ करण्याची एक युक्ति निर्मात्यांनीं दिलेली आहे. त्याचें टोंक सुमारें ४५० ते ५०० अंशांच्या वर तापलें म्हणजे बसलेली काजळी जळून जाते. तें सुमारें ८५० अंशांच्या पलीकडे जाऊं नये, नाहींतर ठिणगीच्या आधींच तापलेल्या टोंकानें मिश्रण पेटतें आणि इंजिनाची नासाडी होते. या दोन मर्यादांमध्यें प्लग राहिला पाहिजे. यावरून एक नित्याची चूक उघड होते. मनुष्य गाडी सुरू करतो, अंगणांतून पडवीपर्यंत आणतो आणि बंद करतो. किंवा सुरू करून तशीच धडधडत ठेवून चहा पिण्यास जातो. दोन्ही वेळीं इंजिनास काम नसल्यामुळें प्लग पुरेसा तापत नाहीं. काजळी मात्र बसत राहते. दुसऱ्या दिवशीं त्याचें फळ मिळतें.

असो. गाडी सुरू होत नाहीं, तर काय करावें? प्रथम दोर सोडून थांबावें. पाहावें कीं बंद करण्याची कळ चुकून दाबलेली नाहीं ना, आणि स्वाराच्या अंगास बांधण्याची सुरक्षेची दोरी आपल्या जागीं बसली आहे ना. स्वार खालीं पडल्यास इंजिन आपोआप बंद व्हावें म्हणून ही दोरी असते. ती जागेवर नसेल तर पुष्कळ गाड्यांत ठिणगीच पडत नाहीं, आणि शहाणीसुरतीं माणसेंहि ती विसरून दोर ओढीत बसतात. पेट्रोलची तोटी उघडी आहे काय, हेंहि पाहावें. तरीहि इंजिन बोलत नसेल तर टोपी काढून प्लग पान्यानें बाहेर काढावा. येथें एक इशारा द्यावासा वाटतो. शून्याखालीं ३० अंशावरहि पेट्रोल गोठत नाहीं. तें तितकेंच थंड द्रव म्हणून राहतें. उघड्या बोटांवर सांडलें तर तें झपाट्यानें उडून जातांना बोटांची ऊब हिरावून घेतें आणि त्वचा गोठून इजा होते. म्हणून पातळ हातमोजे घालूनच हें काम करावें.

बाहेर काढलेला प्लग बोलका असतो. टोंक फिकट तपकिरी असेल तर इंजिनाची प्रकृति उत्तम, दोष अन्यत्र शोधावा. ओला व पेट्रोलच्या वासाचा असेल तर पेट्रोल वाजवीहून जास्त गेलें आहे. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी मिश्रणांतील पेट्रोलचें आधिक्य किंवा फार वेळ बिनकामाचें चालणें दाखविते. काळा, चिकट, तेलकट थर तेल जास्त होत असल्याची खूण. पांढरा, फोड आल्यासारखा दिसणारा प्लग मात्र या साऱ्यांहून अधिक चिंतेचा. तो फार तापला आहे आणि पिस्टन वितळण्याचा धोका आहे. दोन सिलिंडरांची गाडी असेल तर दोन्ही प्लग शेजारीं ठेवून पाहावे. दोन्ही ओले असतील तर बहुधा चोकाचा अतिरेक. एकच ओला असेल तर त्याच बाजूस ठिणगी पडत नसावी.

भिजलेला प्लग कापडानें पुसून कोरडा करितां येतो, पण काजळी घट्ट बसलेला प्लग खरवडून वापरणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. तारेच्या ब्रशानें घासल्यास धातूचे बारीक कण पांढऱ्या वेष्टनावर राहतात आणि काजळीचेंच काम करूं लागतात. नवा प्लग घालावा हें उत्तम. तत्पूर्वीं सिलिंडरांतील सांचलेलें पेट्रोल घालविलें पाहिजे: तोटी बंद, इंजिन बंद करण्याची कळ दाबलेली, चोक आंत, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि प्लगच्या भोंकापासून तोंड दूर ठेवून दोर आठ-दहा वेळां ओढावा. कळ दाबण्यास विसरूं नये. भोंकांतून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असतांना जवळ ठिणगी उडाली तर भडका होतो. नंतर नवा प्लग आधीं हातानेंच फिरवून बसवावा, आटे नीट लागले आहेत अशी खात्री करावी आणि मगच पान्यानें थोडा आवळावा. इंजिन सुरू होतांच चोक हळूहळू आंत ढकलावा, मिनिट-दोन मिनिटें इंजिन ऊबदार होऊं द्यावें आणि गाडी रस्त्यास लावावी.

नवा प्लगहि दोन दिवसांत काळा होऊं लागला तर दोष प्लगचा नव्हे. अशा वेळीं लोक जास्त तापणाऱ्या जातीचा प्लग घालून मोकळे होतात. काजळी थांबते खरी, पण लांबच्या दौडींत तोच प्लग अतितप्त होऊन पिस्टनचा घात करूं शकतो. खरें कारण बहुधा कार्ब्युरेटरमध्यें असतें. शून्याखालीं ३० अंशाची हवा २० अंश उष्णमानाच्या हवेपेक्षां सुमारें एक-पंचमांशानें दाट असते, म्हणून कडक थंडीसाठीं पेट्रोलचें छिद्र मोठें ठेवावें लागतें. मग थंडी ओसरली तरी छिद्र तेंच राहिलें म्हणजे पेट्रोल जास्त होतें आणि प्लग काळवंडतात. उंचीवरहि तोच परिणाम. आपल्या सैन्याच्या स्नो-स्कूटरी सियाचिन हिमनदीवर चालतात. पांच हजार मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या तीन-पंचमांश एवढीच दाट असते. तेथें सपाटीवरचें छिद्र तसेंच ठेवल्यास कार्ब्युरेटरचें इंजिन काळा धूर ओकूं लागतें. आजच्या पुष्कळ गाड्यांत हवेचें उष्णमान व दाब मोजून विजेच्या यंत्रणेनें पेट्रोल दिलें जातें, त्यामुळें हा त्रास बराच कमी झाला आहे. तथापि जुन्या गाड्या अद्याप धांवत आहेत, आणि त्यांवर दूर जाणारा अनुभवी स्वार नव्या प्लगांची जोडी कोटाच्या आंतल्या खिशांत ठेवतो. बाहेरच्या खिशांत ती नको. हातमोज्यांतून निसटून भुसभुशीत बर्फांत पडलेला प्लग सांपडत नाहीं.